वावरांचं बारसं

दारव्हा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. अनघा,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते शेवटी घे. आधी एक आवाज ऐक.

सर्र... सर्र... सर्र. तिफणीच्या वेळूच्या नळ्यांतून ज्वारीचा दाणा खाली मातीत उतरतो, तो हा आवाज. पुढे बैलांच्या घुंगुरमाळा, आणि मधूनच खेमसिंगाची हाक, 'हो रे राज्या, हो!' मी वर्गात फळ्यासमोर उभा असे, हातात कवितांचं पुस्तक, आणि खिडकीतून हे सगळं आत येई. गंमत अशी, की तिफण एका वावरातून दुसऱ्या वावरात गेली की आवाजाची चाल बदले. एकीकडे दाणे झरझर झरझर, दुसरीकडे थांबून थांबून, टप... टप... कुणी मध्येच वृत्त बदलावं तसं. मी पोरांना म्हणायचो, 'ऐका रे, आपल्या खेमसिंगाचे बैलसुद्धा छंदात चालतात.' पन्नास वर्षं होत आली. हल्ली मला दाराची कडी ऐकू येत नाही, पण हा आवाज येतो.

तुझं पत्र मिळालं आणि मी ते तीनदा वाचलं. तू फोन न करता पत्र लिहिलंस याबद्दल आधी तुझे आभार. फोनवर माणसं बोलतात ते मला पत्र्यावर तूर ओतल्यासारखं ऐकू येतं. तुझ्या आईचंही अक्षर असंच उजवीकडे झुकलेलं होतं. माझी आतेबहीण, पण सख्खीहून सख्खी. ती असती तर आज दारव्ह्यात पेढे वाटले असते: जिथं तिच्या वामनने चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्याच शेती प्रशिक्षण केंद्राचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा तिची लेक करणार!

लोक मला अजून विचारतात, शेतीच्या शाळेत मराठी कशाला? आमच्या संस्थापकांचं म्हणणं असं, की ज्याला चार ओळी पाठ नाहीत त्याच्या हाती नांगर देऊ नये. म्हणून वर्षभराच्या अभ्यासात आठवड्याला चार तास माझे. पोरं सकाळी खत भरून येत, हात धुऊन कविता म्हणत. खताचा वास आणि कविता, दोन्ही मला अजून एकदमच आठवतात.

तू जुना नकाशा मागितलास. सोबत पाठवतो. १९८४ साली मी स्वतः बोरूने काढलेला आहे. बासष्ट एकर, सात वावरं, आणि प्रत्येकाचं नाव बघ: मेघमाला, चंद्रिका, वनश्री, शारदा, पुष्पवाटिका, सोनसळी, निर्झरिणी. नकाशा जपून वापर. कडेला कुंदाच्या हातचा हळदीचा डाग आहे, तो वावर समजू नकोस.

तुझा,
वामनमामा

नागपूर,
२४ सप्टेंबर २०२५

ती. वामनमामा आणि कुंदामामी,

तुम्हा दोघांच्या मनोमन पाया पडले आणि मगच नकाशा उघडला. मामा, केवढं सुंदर अक्षर! ऑफिसमधल्या पोरांनी त्याचे फोटो काढून घेतले. हळदीचा डाग मी मोजमापातून वगळला आहे, मामींना सांगा.

आता कामाचं लिहिते, म्हणजे तुम्हाला चित्र नीट दिसेल. केंद्रात या वर्षी फक्त एकवीस मुलं आहेत. दोन बोअर आटल्या, फेब्रुवारीनंतर टँकर लागतो. संस्थेच्या बैठकीत दोन कागद समोर येणार आहेत. एक माझा आराखडा. दुसरा एका गोदामवाल्यांचा, त्यांना सगळी जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवी आहे. बैठक अठरा डिसेंबरला. माझा कागद एक डिसेंबरपर्यंत गेला नाही, किंवा गेला आणि पोकळ निघाला, तर बासष्ट एकरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहतील.

माझं म्हणणं साधं आहे. पंचवीस वर्षांनी या परिसराला पाणी, वीज, खत आणि बियाणं यातलं काहीच बाहेरून मागावं लागू नये. गोठ्याच्या छपरावर सौर पट्ट्या, मुलींसाठी नवं वसतिगृह, बियाण्याचं वेगळं वावर, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक मोठं शेततळं. तळं चुकलं की सगळंच चुकलं.

आणि इथं तुमचा नकाशा देवासारखा धावून आला. मातीच्या तपासणीसाठी रस्त्याकडेला दोनच खड्डे घेता आले आहेत, बाकी जमीन मला मुकीच होती. तुमची नावं वाचली आणि ती बोलायला लागली. निर्झरिणी! म्हणजे तिथं झरा असणार, खाली ओल असणार. तळं तिथंच. सोनसळी म्हणजे कोरडी, उन्हाची, उबदार जागा. वसतिगृह तिथं. पुष्पवाटिकेत बियाण्याचं वावर. जुन्या माणसांनी नावं किती विचार करून ठेवलेली असतात, नाही? आपण शहरात 'प्लॉट क्रमांक चार' म्हणतो आणि मोकळे होतो.

मनापासून आभार, मामा. हा आराखडा निम्मा तुमचा आहे.

अनघा

दारव्हा,
३ ऑक्टोबर २०२५

चि. अनघा,

पत्र पोचलं. तू लिहिलेलं सगळं छान आहे. सौर पट्ट्या चांगल्या. मुलींचं वसतिगृह तर फारच चांगलं. आमच्या वेळी केंद्रात मुलगी म्हणजे फक्त सरस्वतीच्या तसबिरीत.

तळ्याचं एवढ्या घाईने ठरवू नये असं वाटतं. निर्झरिणीत पावसाळ्यात पाणी फार देखणं वाहायचं, हे खरं. मी त्यावर ओळीही केल्या होत्या:

निर्झरिणी ही नाचत येई, पायी वाजे वाळा,
सोनसळीच्या अंगावरती पिवळा शालू ढाळा.

पाट्या लावण्याच्या समारंभात पोरांनी त्या चालीवर म्हटल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. असो. तरीपण तळं जरा इकडे तिकडे सरकवता आलं तर बघ. वसतिगृहही. कारण विशेष नाही. म्हाताऱ्या माणसाची भीती, दुसरं काय.

इथं तूर फुलावर आली आहे. हवा बरी आहे.

वामनमामा

ता. क. अनघा, मी कुंदामामी. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. हे काहीतरी गिळून बसलेत. आठ दिवस झाले, जेवताना एक कविता म्हटली नाही. पन्नास वर्षांत असं दोनदाच झालं. एकदा दाढ दुखत होती तेव्हा, आणि एकदा यांचा पेपर फुटला तेव्हा. दाढा आता उरल्या नाहीत. तू सरळ विचार.

नागपूर,
१० ऑक्टोबर २०२५

ती. वामनमामा,

मामींच्या सांगण्यावरून सरळ विचारते. माझं काय चुकतंय?

मी परवा केंद्रात जाऊन आले. निर्झरिणीच्या बांधावर उभी राहिले. तिथं शिकवणारा पियूष म्हणून तरुण मास्तर आहे, त्याला विचारलं, झरा कुठं? तो म्हणाला, 'म्याडम, चार वर्षं झाले मले इथं. झरा तर नाही पाहिला. पन पाटीवर हाय म्हणजे असन.' मामा, पाटीवर आहे म्हणून त्याने मानलं, नकाशावर आहे म्हणून मी. पाटी आणि नकाशा दोन्ही तुमच्या हातचे.

रागावून लिहीत नाही. मला फक्त खरं हवं आहे, आणि लवकर हवं आहे.

अनघा

दारव्हा,
वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

चि. अनघा,

आज सकाळी कुंदाने गायीला घास दिला आणि मला म्हणाली, 'तुम्हीही आज काहीतरी पुण्य पदरात पाडून घ्या. पोरीला खरं लिहा.' म्हणून बसलो आहे.

ती नावं जुन्या माणसांची नाहीत. ती माझी आहेत.

१९८४ साली मुंबईहून एक मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, 'वामनराव, आपल्या वावरांची नावं ऐकली तर पाहुणे हसतील. काहीतरी सुसंस्कृत सुचवा.' त्यांनी मला सुचवा म्हणायचा अवकाश! मी दोन दिवस शाळेच्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता डोक्यात घोळवत शिवारभर हिंडलो. जिथं मला जे सुंदर दिसलं ते नाव दिलं. एका वावरात मोठ्या पावसानंतर पाणी खळखळत धावताना पाहिलं होतं, त्याला निर्झरिणी म्हटलं. ते पाणी पुढं कुठं जातं, हे बघायला मी थांबलो नाही. एका वावरात दिवाळीला गवत सोन्यासारखं दिसलं होतं, ती सोनसळी. ते गवत तिथंच एवढं उंच का वाढतं, असा प्रश्न मला पडला नाही. कुंदा तेव्हाच म्हणाली होती, 'आपल्याला लेकरू नाही तर तुम्ही वावरांचं बारसं घातलं. पण बाळाला काय होतंय ते बारशाला आलेल्यांना विचारून कळत नसतं.' मी हसण्यावारी नेलं.

त्यांची आधीची नावं होती. सालदारांनी ठेवलेली. खेमसिंग आडे हा आमचा मुख्य सालदार. मूळचा फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, केंद्रात वीस वर्षं तिफण, वखर, नांगर सगळं त्याच्या हाती. निर्झरिणीचं नाव होतं भसकी. कितीही पाणी आलं तरी भसकन खाली जातं, थेंब राहत नाही. आणि सोनसळी म्हणजे चिबडी. तिथं पाणी साचतं, जमीन चिबडते, ओल पौषापर्यंत हटत नाही. म्हणून ते गवत! तू तळं भसकीत आणि वसतिगृह चिबडीत बांधायला निघालीस, पोरी, आणि ते माझ्या कवितेच्या भरवशावर.

पाट्या रोवल्या त्या दिवशी खेमसिंग हातात पहार घेऊन उभा होता. खड्डे त्यानेच खणले. मी त्याला सगळी नावं वाचून दाखवली. तो म्हणाला, 'गुरुजी, नाव त गोडच हाय. पन वावराले समजन काय?' पोरं हसली. मीही हसलो. तो हसला नाही. पुढं ट्रॅक्टर आला, बैल विकले, आणि १९९१ मध्ये तो गावी निघून गेला. निघताना मला तुरीची पेंडी देऊन गेला. मी त्याला काय दिलं, ते आठवत नाही.

आता सगळ्यात वाईट भाग. जुन्या नावांतली मला तीनच आठवतात. भसकी, चिबडी, आणि शारदेचं खरडी, म्हणजे उथळ, खरबरीत जमीन. बाकी चार मी विसरलो. जुने कागद नव्या प्राचार्यांच्या काळात रद्दीत गेले. शाळेतली कविता शब्दन् शब्द आठवते, आणि रोज ज्यावरून चाललो त्या मातीची चार नावं आठवत नाहीत.

ही नावं खेमसिंगाला माहीत असणार. त्याला आजच फुलसावंगीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. माझी चूक लिहिली, आणि 'खेमसिंग, चारही वावरं तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाहीत,' असं लिहिलं. तो असेल तर पंच्याऐंशीचा असेल.

तुला तोंड दाखवायला लाज वाटते. पण लिहून झाल्यावर छातीवरचं ढेकूळ फुटल्यासारखं झालं. याचं श्रेय तुझ्या सरळ विचारण्याला आणि कुंदाच्या ता. क. ला.

वामनमामा

नागपूर,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. वामनमामा,

तुमचं पत्र दिवाळीत मिळालं. भाऊबीजेची ओवाळणी समजून ठेवून घेतलं आहे.

दुसऱ्या दिवशी पियूषला सांगून भसकीत (मी आता हेच नाव म्हणते) चार हात खोल खड्डा घेतला आणि सकाळी टँकरने काठोकाठ भरला. दुपारच्या चहाला आम्ही परत गेलो. तळाशी ओला चिखल आणि त्यावर एक गोंधळलेला बेडूक. पियूष खड्ड्याकडे बघत म्हणाला, 'म्याडम, आपला अख्खा आराखडाच पिऊन टाकला असता इनं.' तळं तिथं झालं असतं तर पहिल्याच उन्हाळ्यात कोरडं पडलं असतं. मग गोदामवाल्यांना कुणी अडवलं असतं?

पण ऐका, मामा, वाईटातून चांगलं निघालं. जी जमीन एवढं पाणी पिते ती पाणी मुरवायला सगळ्यात उत्तम. वरच्या बांधांचं पाणी तिथं सोडलं तर खालच्या दोन मेलेल्या बोअर कदाचित जिवंत होतील. आणि तळं चिबडीत. तिथं खणलं तर पाणी आपणहून बसेल. नाव कळलं आणि दोन्ही वावरांची कामं आपोआप ठरली. वसतिगृहाला खरडी बरी, पाया लगेच पक्का लागेल.

आता राहिली चार. मेघमाला, चंद्रिका, वनश्री, पुष्पवाटिका. तिथंही खड्डे घेईन. पण खड्डा एका जागेची एका दिवसाची गोष्ट सांगतो. बियाण्याचं वावर ठरवायला मला पेरा, पाऊस, उन्हाळा सगळं पाहिलेलं माणूस हवं. एक चुकीचं वावर निवडलं तर दहा वर्षांचं बियाणं वाया जाईल. खेमसिंगकाकांचं उत्तर आलं की त्याच दिवशी कळवा. मी गाडी घेऊन फुलसावंगीला जाईन.

आणि लाजेचं म्हणाल तर ऐका. मी आजवर बावीस परिसरांचे आराखडे केले. प्रत्येक ठिकाणी मला नकाशा दिला गेला. 'हा नकाशा माझ्याकडून चुकला' असं सांगणारे तुम्ही पहिले. तुमचे उपकार मोठे आहेत, आणि ते तुम्हाला कळत नाहीत म्हणून लिहून ठेवते.

मामींना दिवाळीच्या शंकरपाळ्यांसाठी धन्यवाद. डबा ऑफिसपर्यंत पोचला नाही.

अनघा

फुलसावंगी,
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय गुरुजी,

राम राम. मी नेमसिंग, खेमसिंग आडे यांचा मोठा मुलगा. तुमचं पत्र बापूंच्या नावानं आलं. पोस्टमननं हाक दिली तेव्हा घरात कोणालेच काही सुचलं नाही. बापू तीन वर्षांआधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. बैलाची पूजा त्यांच्याच हातानं झाली होती.

बापू केंद्राची गोष्ट खूप सांगत होते. तुमच्या कविता त्यांना पाठ होत्या. वखर हाकताना म्हणायचे, आम्ही लहानपणी त्याच ऐकल्या. माझ्या पोरीला शाळेत बक्षीस मिळालं ते त्यातलीच एक म्हणून. म्हणून तुमचे आभार मानायचे होतेच.

वावरांच्या जुन्या नावांचं मला काही माहीत नाही गुरुजी. आम्ही तेव्हा लहान होतो. माफ करा.

माझ्या याडीला, म्हणजे आईला, तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणे, 'माहं नाव कुठं हाय त्यात?' मी म्हटलं, तुझं नाव नाही, बापूंचंच आहे. तर ती म्हणे, 'असं हाय काय,' आणि उठून चुलीकडे गेली. त्यानंतर विषय काढला नाही. म्हातारं माणूस आहे, मनाला लावून घेऊ नका.

तुमचा विद्यार्थी नाही, पण तुमच्या कवितांचा,
नेमसिंग खेमसिंग आडे

दारव्हा,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. अनघा,

सोबत नेमसिंगाचं पत्र पाठवतो. आठ दिवस ते माझ्या उशाखाली होतं. लगेच कळवायला हवं होतं, पण 'गेला' हा शब्द मला माझ्या हाताने लिहायचा नव्हता. आता लिहितो. खेमसिंग गेला. चार नावं घेऊन गेला.

त्याच्या घरी माझ्या कविता म्हणत, हे वाचून मी कुंदापुढे रडलो. मी त्याची नावं पुसली, आणि त्याने माझ्या ओळी पाठ केल्या, पोरांना दिल्या, नातीपर्यंत पोचवल्या. दोघांतला खरा गुरुजी कोण, हे आता वेगळं सांगायला नको.

त्याची बायको रागावलेली दिसते. नवऱ्याच्या पत्रात आपलं नाव नाही म्हणून तिला वाईट वाटलं असेल. साहजिक आहे. विचारपूस तरी करायला हवी होती. पण अनघा, खरं सांगतो, मला तिचं नावच आठवेना. कुंदाला विचारलं तर ती म्हणाली, 'रुखमाबाई. तुरीच्या शेंगांची पेंडी खेमसिंगाने तुम्हाला दिली म्हणता ना? ती तिने बांधली होती. माझ्या हातात दिली होती.'

आता तुझ्या आराखड्याचं. माझी एक विनंती आहे, मान्य कर अथवा करू नको. माझ्या सातही पाट्या काढून टाक. भसकी, चिबडी, खरडी यांना आपली नावं परत दे. उरलेल्या चार वावरांवर कोऱ्या पाट्या लाव. आणि अभ्यासक्रमात लिहून ठेव, की प्रत्येक तुकडीने वर्षभर त्या वावरांत तिन्ही हंगाम पायी हिंडावं, तिथं राबणाऱ्या माणसांना विचारावं, आणि मगच पाटीवर काही लिहावं. लिहिलं तर खोडायचीही तयारी ठेवावी. वीस वर्षांनी का होईना, नावं परत उगवतील. बैठकीत लोक हसतील. हसू दे. एकदा त्यांच्या हसण्याला भिऊन आपण काय केलं ते तुला ठाऊक आहे.

बियाण्याच्या वावराचं मात्र मला सुचत नाही. त्याला वीस वर्षं थांबता येणार नाही, तुझ्याकडे बारा दिवस आहेत. तू खड्डे घे, आणि देवावर

*

वाक्य तिथंच सोडलं, अनघा, कारण कुंदा आतून ओरडत आली, 'अहो, दार! केव्हाची कडी वाजतेय, सगळ्या गल्लीला ऐकू गेली तुमच्याशिवाय!'

मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर एक वाळकी, ताठ म्हातारी. हातात काठी, काखेत कापडी पिशवी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. रस्त्यावर एक जीप घरघरत उभी.

'वळखलं काय गुरुजी?'

मी खिशात चष्मा चाचपला. माझ्या खांद्यावरून कुंदा म्हणाली, 'अगंबाई, रुखमाबाई!'

'बाईनं वळखलं,' ती म्हणाली. 'गुरुजीनं नाही. गुरुजी नेहमी पुस्तकातच पाहे.'

कुंदा हसली. मी हात जोडले. म्हटलं, 'रुखमाबाई, खेमसिंग गेल्याचं कळलं. फार वाईट...'

'ते गेले. वावरं कुठं गेले?' तिने काठी उंबऱ्यावर टेकवली. 'पत्रात तुमी लेहलं, खेमसिंगाइतके वावरं कोनाले ठाव नाही. त्याहीनं बैल हाकलले गुरुजी. त्याहीची नजर बैलाच्या पाठीवर. चाड्यावर मूठ कोनाची होती? वीस वरसं तिफणीमागं कोन चाललं?'

अनघा, तिफण चालते तेव्हा तिच्यामागे एक बाई चालत असते. चाड्यात, म्हणजे त्या लाकडी वाटीत, मुठीने दाणे सोडत. हे मला ठाऊक होतं. रोज खिडकीतून दिसत होतं. तरी माझ्या पत्रात, माझ्या आठवणीत, माझ्या त्या आवाजातसुद्धा ती कुठं नव्हती.

'हरेक वावराची मूठ येगळी असते,' ती म्हणाली आणि तिने रिकामी मूठ हवेत धरली. 'खरडीत दाट सोडा लागे, अशी.' बोटं भराभर हलली. 'चिबडीत इरय. अशी.' अंगठा थांबला, सरकला, थांबला. 'नाव इसरलं तरी हात इसरत नाही. पन म्या नाव बी नाही इसरली. जिले तुमी पुष्पवाटिका म्हनलं ना, तिले आमी मायवाडी म्हनो. तिथलं बियानं कधीच दगा देत नव्हतं.'

अनघा, तिच्या हातात एक दाणा नव्हता आणि माझ्या कानांत जोर नाही. तरी मी ऐकलं. झरझर झरझर, आणि मग टप... टप... चाल बदलायची ती बैलांमुळे नव्हे. छंद तिच्या मुठीत होता.

कुंदा म्हणाली, 'आत या, चहा टाकते.'

'चहा मागून. जीपवाल्याले दिग्रसले थांबवून आनलं, तो बोंबलून राह्यला. पयले वावर.' मग माझ्याकडे वळून, 'चालता ना गुरुजी? का तुमी नुसतं लेहतच बसता?'

ती उंबऱ्यात उभ्यानेच पाणी पितेय, तेवढ्यात या ओळी लिहितो आहे. कुंदा पत्र पेटीत टाकेल, आणि तुला फोनही करेल. तू निघ. मी कोरी वही घेतली आहे, पेन्सिल घेतली आहे. चष्मा सापडत नाही, पण रुखमाबाई म्हणते त्याची गरज नाही, चपला तेवढ्या बाहेर काढून ठेवा, वावरात अनवाणी यायचं.

आशीर्वाद,
वामनमामा